मामा कुणाच्या वाटणीला

आमच्या आजोबांना त्यांच्या भावापासून वेगळं निघताना काय काय मिळालं, हे आमच्या घरातल्या प्रत्येक लेकराला पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं. कॅनॉलच्या अंगाची काळी जमीन, विहीर, लालकंधारी बैलांची जोडी आणि गडी. शेवटचा शब्द आजोबा जरा रंगवून म्हणायचे. "भावानं सगळी तांब्यापितळेची भांडी नेली. नेऊ दे म्हणलं. गडी मी पटकावला," असं सांगून ते मांडीवर थाप मारायचे, आणि ऐकणारे सगळे आजोबांच्या हुशारीवर खूश होऊन हसायचे.

तो गडी म्हणजे मामाचा बाप. तो वारला तेव्हा मामाला नुकतं मिसरूड फुटलं होतं. दिवसपाणी उरकलं आणि मामा बापाच्या जागी औतामागं उभा राहिला. त्याला कुणी नेमलं नाही, कुणी विचारलंही नाही. दर पाडव्याला साल ठरायचं, म्हणजे पुढच्या पाडव्यापर्यंत त्यानं आमच्याच शेतावर राबायचं हे नक्की व्हायचं. नक्की व्हायचं म्हणजे काय, आजोबा "हं" म्हणायचे आणि मामा "जी" म्हणायचा.

त्याला आम्ही मामा का म्हणायचो, हे मला फार उशिरा कळलं. तो आईचा भाऊ नव्हता. पण लेकरांनी मोठ्या माणसाला नावानं हाक मारणं बरं दिसत नाही, आणि काका म्हणावं तर काका हा वाटेकरी असतो. मामाचा जमिनीशी संबंध नसतो. आमच्या घराण्यानं नातं लावताना सुद्धा सातबारा डोळ्यांसमोर ठेवला होता. त्याची बायको मग आपोआप मामी झाली. ती शेणघाण करायची, निंदायची, वेचायची, आणि पाहुणे आले की भाकरी थापायला आमच्या चुलीपुढं बसायची. "घरातलीच माणसं हायती," असं थोरले काका आल्यागेल्याला सांगायचे. घरातली माणसं राहायची मात्र शेतात, आखाड्यावर. शेतातल्या गोठ्याला आणि त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीला आमच्या भागात आखाडा म्हणतात. कुस्तीशी त्याचा काही संबंध नाही, निदान आमच्या वाटणीच्या दिवसापर्यंत नव्हता.

आजोबा गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि लगेच तिन्ही भावांना एकमेकांचे दोष दिसायला लागले. थोरले काका गावातच असतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालतात आणि प्रत्येक निवडणुकीत थोडक्यात पडतात. माझे वडील मधले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन परभणीत राहतात आणि कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंचं बरोबर आहे असं म्हणतात. धाकटे काका पुण्याला. त्यांना गावाची ओढ फार, म्हणजे गावाकडं फार्महाऊस बांधायची. मी परभणीतच एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, त्यामुळं सुट्टी काढून पिंगळीच्या अलीकडच्या आमच्या गावी जाणं मला सोपं पडतं. म्हणून वाटणीच्या दिवशी वडिलांना गाडीतून घेऊन जायचं काम माझ्याकडं आलं.

त्याच्या थोडं आधी एक गोष्ट घडली होती, ती इथंच सांगते. धाकट्या काकांचा मुलगा अमेरिकेत असतो. तो सुट्टीत तिकडचं एक जुनं शेतघर बघायला गेला. ते आता लोकांना बघायला खुलं ठेवलंय म्हणे. तिथल्या भिंतीवर मूळ मालकाचं मृत्युपत्र लावलेलं होतं, त्याचा फोटो त्यानं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली मराठीत समजावून सांगितलं. नदीकाठची जमीन थोरल्या मुलाला, वरचं रान धाकट्याला. घोडे अमक्याला, गाई तमक्याला. आणि मग माणसं. एक बाई एका मुलाला, तिचं लेकरू दुसऱ्या मुलाला. मुलीला पलंग, पिसांची गादी आणि कामाला एक पोरगी.

ग्रुप हादरला. थोरल्या काकांनी रडके चेहरे टाकले आणि लिहिलं, "राक्षस होते राक्षस." धाकट्या काकूंनी हात जोडून लिहिलं की आपली संस्कृती किती महान आहे हे अशा वेळी कळतं. माझे वडील त्या ग्रुपवर कधी अक्षर लिहीत नाहीत, पण त्यांनाही राहवलं नाही. "माणूस म्हणजे वस्तू नव्हे," असं त्यांनी लिहिलं, आणि त्याला सगळ्यांनी अंगठे दिले.

वाटणीला सगळे सकाळीच आखाड्यावर जमले. लिंबाखाली सतरंजी टाकली होती. आत्यालाही बोलावलं होतं. तिला राणीसावरगावकडं दिलंय, तिकडची शेती ती स्वतः बघते आणि बोलताना तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवते. तिला वाटणीसाठी नव्हे, माहेरपणाला बोलावलंय असं सांगितलं होतं. तिच्यासाठी एक भारी साडी आणून ठेवली होती आणि साडीच्या पिशवीतच हक्कसोडीचे कागद होते. सासरी सुखात असलेल्या बहिणीनं भावांसाठी सही करायची, ही आमच्याकडची रीत. तीन भावांना एकमेकांवर विश्वास नव्हता, पण बहीण सही करणार यावर मात्र तिघांचाही पूर्ण विश्वास होता.

जमिनीच्या चिठ्ठ्या निघाल्या. घराजवळचं रान आणि विहिरीचा भाग थोरल्या काकांना, कॅनॉलच्या अंगाचं वडिलांना, ओढ्याकडचा तुकडा धाकट्यांना. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. ट्रॅक्टरवरून जरा आवाज चढले आणि उतरले. हे सगळं चाललेलं असताना मामा पलीकडं गोठ्यात कडबा तोडत होता आणि मामी चहाची पातेली चुलीवरून उतरवत होती. दोघांनाही शब्द अन् शब्द ऐकू येत होता. त्यांच्यापासून लपवावं असं कुणाला वाटलं नाही. गोठ्यातल्या बैलांपासून तरी कोण लपवतं?

मग थोरले काका सहज म्हणाले, "गडी माझ्याकडंच ऱ्हाईल. मी गावात हाव, तुमी न्हाईत."

धाकटे काका सरसावून बसले. "असं कसं दादा? जमीन तीन ठिकाणी झाली, मग गडी एकट्याला कसा? माझा तुकडा कोण बघणार?"

"तू ठेव की दुसरा."

"दुसरा ठेवायला दुसरा मिळतोय कुठं? अन् मामांसारखा मिळणार का?"

मामाचं एवढं कौतुक मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते. तो इमानी आहे, तो पीत नाही, त्याला बैलाची नस कळते, त्याला सांगावं लागत नाही. दोन्ही भाऊ त्याचे गुण असे सांगत होते की बाजारात जनावराचे दात दाखवणारा दलाल आठवावा. फरक एवढाच की इथं दोघंही घेणारेच होते.

माझ्या वडिलांनी घसा साफ केला. त्यांना तोडगा सुचला होता. विहिरीच्या पाण्याची जशी पाळी, तशीच मामाची पाळी लावायची. आठवड्याचे दोन दिवस दादाकडं, दोन दिवस आपल्याकडं, दोन दिवस धाकट्याकडं.

"आणि सातवा दिवस?" मी विचारलं.

वडील विचारात पडले. "सातव्या दिवशी सामाईक," ते म्हणाले. त्यांनी निवृत्तीपर्यंत कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या, त्यामुळं हा न्याय त्यांना फारच निर्मळ वाटत होता.

तेवढ्यात धाकट्या काकूंनी मायेनं सुचवलं, "मामा इथं राहू देत. मामींना आम्ही पुण्याला नेतो. आमची बाई सारखी दांड्या मारते. मामींना जरा शहर बघायला मिळेल, लिफ्ट आहे, काही त्रास नाही."

"म्हणजे मामा इथं आणि मामी तिथं?"

"अगं, आता काय लांब राहिलंय? व्हिडिओ कॉल असतो की."

आणि खरंच त्याच वेळी व्हिडिओ कॉल आला. अमेरिकेतल्या चिरंजीवांचा. काकांनी फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, आपला तुकडा कुठला ते विचारून घेतलं, ओढ्याकडचा म्हटल्यावर "व्ह्यू छान आहे" म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आणि मामा कोणाकडे गेले?"

मी पुढं सरकून फोनसमोर तोंड नेलं. "ते ठरतंय अजून. काय रे, तू तो फोटो टाकला होतास ना, मृत्युपत्राचा? एक बाई एकाला, तिचं लेकरू दुसऱ्याला?"

"हो, हॉरिबल होतं गं ते."

"हां. इथं मामा इकडं आणि मामी पुण्याला, असं चाललंय."

त्यानं फोन जरा लांब धरला. मग म्हणाला, "ताई, तुझा आवाज तुटतोय." आमच्या आखाड्यावर एवढं चांगलं नेटवर्क एरवी कधी नसतं.

थोरले काका माझ्यावर उखडले. "कुठली गोष्ट कुठं जोडायलीस? तिथं माणसं इकत घेत व्हते. ह्याला काय बेड्या घातल्यात का आपण? जायचं तर जाऊ शकतो की."

ते खोटं नव्हतं. मामाला कुणी विकत घेतलं नव्हतं, कुणी चाबकानं मारलं नव्हतं. तो जायला मोकळा होता, हे काका नेहमीच सांगायचे. फक्त, खोली आपली, गोठा आपला, त्याच्या बापापासूनची सगळी ओळख आपल्याच रानातली, मग त्यानं जायचं कुठं, हे कधी सांगत नव्हते.

 आत्यानं सुपारी दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाली, "दादा, गड्याला इचारलं का तू?"

तिघंही भाऊ हसले. खरंच हसले. "त्याला काय इचारायचं?" थोरले काका म्हणाले. "त्यो तर घरातलाच हाय."

"घरातलाच हाय तर मघाशी त्याच्या नावाची चिठ्ठी का न्हाई टाकली? जमीन वाटताना त्यो गडी, अन् राबायला घरातला?"

 मग थोरल्या काकांनी मामाला हाक मारली. न्यायाधीशानं पट्टेवाल्याला हाक मारावी तशी. "ये रे इकडं. तूच सांग. कुणाकडं ऱ्हातूस?"

मामा हातातला विळा खाली ठेवून आला. धोतराला हात पुसले. सतरंजीवर बसला नाही, पण एरवी उभा राहायचा तसा अंग चोरूनही उभा राहिला नाही. त्यानं एकदा मामीकडं बघितलं. ती चुलीपाशीच उठून उभी राहिली होती.

"मालक," तो म्हणाला, "ह्या पाडव्यापासनं आमी साल धरत न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी चाललोय आमी. हिच्या भावासंगं मेंढरं केल्यात. थोडी आमची, थोडी त्याची. राणीसावरगावच्या अंगाला. पोरगं तिकडंच हाय."

थोरल्या काकांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांना जे वाटलं ते इतकं मनापासून वाटलं होतं की मला क्षणभर त्यांची कीव आली. "आरं, पर आमाला इचारलं न्हाईस?" ते म्हणाले.

आत्याला ठसका लागला. सुपारी अडकली का हसू, कळलं नाही.

काका सावरले आणि आवाज चढवला. आम्ही तुला घरच्यासारखं वागवलं, तुझ्या बापाला ठेवलं, लेकीच्या लग्नात मांडवाला बांबू आमचे होते. बांबू सगळे परत नेले होते, हे मामीनं तिथून ऐकवलं. आजवर ती आमच्या पुरुषांसमोर कधी बोलली नव्हती. शेवटी काकांनी त्यांच्या मते हुकमाचं पान टाकलं, "मग खोली मोकळी करावी लागंल."

"केलीय की," मामी म्हणाली.

मी उठून जाऊन बघितलं. खोलीत एक बाज आणि भिंतीवर धुरानं काळवंडलेला देवाचा फोटो एवढंच उरलं होतं. बोचकी दाराआड बांधून ठेवली होती. म्हणजे लिंबाखाली हे तिघे भाऊ ज्यांची वाटणी करत होते, ती माणसं कधीचीच निघाली होती. आमच्यासाठी सकाळचा चहा करायला तेवढी थांबली होती.

जाताना मामानं एकच गोष्ट मागितली, तीही धाकट्या काकांना. "ओढ्याकडंच्या धुऱ्यावर बाप हाय माझा," तो म्हणाला. त्यांच्यात पुरतात, आणि त्याच्या बापाला त्या बांधावर पुरलं होतं. "तुमच्या वडलांच्या वाटणीला आला व्हता त्यो, आता तुमच्या वाटणीला आला. त्याला तेवढा ऱ्हाऊ द्या. नांगर घालू नगा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खाली मान घालून मागत होता आणि धाकटे काका आपल्या चपलांकडं बघत होते. "बघू," ते म्हणाले.

"बघू न्हाई," आत्या म्हणाली. "हो म्हण."

त्यांनी हो म्हटलं.

नंतर जेवणं झाली. भाकरी थापायला कुणी नव्हतं, म्हणून काकूंनी परभणीहून पार्सल मागवलं. जेवल्यावर साडीची पिशवी आत्यासमोर आली. तिनं साडी उलगडून पदर बघितला, रंग आवडला म्हणाली, घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली. कागद धाकट्या काकांच्या हातात परत दिले.

"अगं, सही?"

"सही कशाची? गड्याला न इचारता वाटलं, त्यो उठून गेला. मला तरी इचारा की रे. मला माझा हिस्सा पायजे."

माझे वडील म्हणाले, दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. पुढं वर्षभर भाऊ एक झाले. एकमेकांचं तोंड न बघणारे तिघे बहिणीच्या विरोधात वकिलाकडं एकाच गाडीतून जायला लागले. पण कायदा तिच्या बाजूचा होता आणि आत्या त्यांच्यापेक्षा चिवट होती. शेवटी तिला विहिरीला लागून तुकडा मिळाला. थोरले काका अजून तिच्याशी बोलत नाहीत, पण तिच्या पाण्याच्या पाळीला आपली मोटार बंद करायला स्वतः येतात.

मामाच्या जागी काकांनी दुसरा गडी आणला, तो दिवाळी धरून गेला. मग लांबून एक जोडपं आणलं. त्यांनी आधीच विचारलं, खोलीला पंखा हाय का, सुट्टी कवा, मोबाईलला रेंज हाय का. काका म्हणाले, जमाना बिघडला. धाकट्या काकांचं फार्महाऊस झालं. त्यांनी शब्द पाळला, हे खरं सांगायला हवं. मामाच्या बापाची जागा त्यांनी तारेच्या कुंपणाबाहेर ठेवली. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आता ते तिथवर फिरायला नेतात आणि हात जोडून सांगतात, "आमच्या जुन्या माणसाची समाधी. आम्ही जपलीय." पाहुण्यांचे डोळे ओले होतात.

गेल्या उन्हाळ्यात मामाचा कळप आमच्या शिवारात आला. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं आणि पुढचं पीक उठून येतं, म्हणून मेंढपाळाला शेतकरी धान्य देऊन बोलावतात. कळप आत्याच्या तुकड्यात बसला होता. मी तिथंच होते. थोरले काका धुऱ्यावरून चालत आले, पांढऱ्या कपड्यांना धूळ लागू नये म्हणून धोतर वर धरून. मामा बाजेवर बसून भाकरी खात होता. तो उठला नाही. उठायचं त्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असावं.

"काय म्हणता?" काका म्हणाले. आजवर त्यांनी त्याला 'रे' शिवाय हाक मारली नव्हती. "आमच्या रानात कवा येताल?"

"बघावं लागंल," मामा म्हणाला. "पुढचं समदं ठरल्यालं हाय. हिला इचारतो." त्यानं मामीकडं बोट केलं.

मामी मेंढीच्या पायातला काटा काढत होती. तिनं मान वर केली नाही. "पावसाच्या आदी जमलं तर येऊ," ती म्हणाली. काका बराच वेळ तिथं उभे राहिले, आणि कुणी बसा म्हणेना म्हणून निघून गेले. कळप त्यांच्या रानात गेला, पण सगळ्यात शेवटी.

काका गेल्यावर मी मामाला हसत विचारलं, "आता बरं चाललंय की. हा कळप पुढं कुणाला?"

"पोराला," मामा म्हणाला. त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "दुसऱ्या कुणाला?"

"आणि लेकीला?"

"लेकीला कशाला? ती तर दिलेली हाय. तिला साडीचोळी करतो की दिवाळीला." असं म्हणून तो माझ्याकडं तसं बघायला लागला, जसं थोरल्या काकांनी वाटणीच्या दिवशी आत्याकडं बघितलं होतं.

मामीनं काटा काढून मेंढी सोडून दिली. मग कळपातल्या एका काळ्या मेंढीला मानेला धरून माझ्यासमोर ओढत आणलं. "ही तिची हाय," ती म्हणाली. "हिची पिलं बी तिचीच. ह्यांला अजून सांगितलं न्हाई."

"काय?" मामा म्हणाला.

"काई न्हाई. जेवा तुमी."